जिगचं पडणं

अमेरिकेतल्या मासेमारीच्या कुठल्याही मोठ्या दुकानात आमिषांची एक अख्खी भिंत असते. डोळे चितारलेले, खवले रंगवलेले, ओढले की थरथरणारे लाकडाचे आणि प्लॅस्टिकचे मासे असतात. पाण्यावर बुडबुड करत जाणारे बेडूक असतात, चकाकत्या पात्या गरगरवणारी तारेची आमिषं असतात. याच भिंतीच्या एका कोपऱ्यात, बहुधा खालच्या ओळीत, जिग टांगलेले असतात. शिशाचा एक गोळा, त्यातून निघालेला जाड गळ आणि त्याभोवती रबरी तंतूंचा झुपका, एवढाच ऐवज. तो कशाचीच हुबेहूब नक्कल करत नाही. पाण्यातून सरळ ओढला तर थरथरत नाही की डोलत नाही. नवख्या माणसाचा हात त्याच्याकडे सहसा जात नाही. गेलाच, तर चार फेकींत काही लागलं नाही म्हणून जिग परत डब्यात पडतो. आणि तरीही, ज्यांचं अर्धं आयुष्य बास माशाच्या मागे गेलंय त्यांना एकच आमिष ठेवायला सांगितलं, तर त्यांतले पुष्कळ जण जिगच ठेवतील.

याचं कारण समजावं म्हणून हे पुस्तक लिहिलं आहे. माझं म्हणणं थोडक्यात असं: बाकीची बहुतेक आमिषं ओढली जाताना मासा पकडतात, जिग पडताना पकडतो. त्याचं वजन, डोक्याचा आकार, झुपक्याची लांबी, मागे लावलेलं शेपूट, दोराची जात, काठीची लवचिकता या सगळ्यांचा विचार शेवटी एकाच प्रश्नापाशी येतो: हा गोळा किती वेगाने, कुठल्या वाटेने आणि कशावर पडणार? हा प्रश्न ज्याच्या डोक्यात पक्का बसला त्याला पुढची प्रकरणं वाचताना फारसं काही पाठ करावं लागणार नाही.

आधी मासा कोणता, ते सांगून टाकतो. आपल्याकडच्या हॉटेलांत ‘सी बास’ म्हणून जिताडा ताटात येतो. त्याचा आणि या पुस्तकातल्या बासचा नात्यागोत्याचा काही संबंध नाही. हा गोड्या पाण्यातला, उत्तर अमेरिकेच्या पूर्व आणि मध्य भागातला मासा, सनफिश कुळातला. त्याच्या दोन जाती आपल्या कामाच्या: लार्जमाउथ आणि स्मॉलमाउथ. तोंड मिटलेलं असताना वरच्या जबड्याचं टोक डोळ्याच्या मागे गेलं तर लार्जमाउथ, डोळ्याखालीच थांबलं तर स्मॉलमाउथ. पहिल्याला गवत, ओंडके, कोमट संथ पाणी आवडतं. दुसऱ्याला खडक, थंड आणि स्वच्छ पाणी. माणसांनी या माशाला त्याच्या मूळ मुलखाबाहेर फार लवकर नेलं. १८५४ मध्ये ओहायो नदीच्या खोऱ्यातले स्मॉलमाउथ बाल्टिमोर अँड ओहायो रेल्वेच्या इंजिनाच्या पाण्याच्या टाकीतून पोटोमॅक नदीत आणून सोडले गेले. वॉशिंग्टनजवळ आज जे स्मॉलमाउथ मिळतात, ते त्या प्रवाशांचे वारस.

विसाव्या शतकात बासला खरे दिवस आले ते धरणांमुळे. १९३३ मध्ये धरणं बांधणारी टेनेसी व्हॅली ऑथॉरिटी स्थापन झाली. लष्कराच्या अभियंत्यांनी मिसूरी-अर्कान्सामधल्या व्हाइट नदीवर एकामागून एक जलाशय बांधले. या जलाशयांच्या पोटात उभी झाडं, कुंपणं, जुने रस्ते, घरांचे पाये बुडाले. लार्जमाउथला दडायला आणि दबा धरायला अशा जागा लागतातच. माणसाने नकळत त्याच्यासाठी वाडेच बांधून दिले. मात्र या वाड्यांत उघड्या गळांचं आमिष गेलं की तिथेच अडकून बसतं. ज्या आमिषाचा गळ झाकलेला आहे आणि जे सरळ खाली उतरतं, त्यालाच तिथे प्रवेश. जिगची कीर्ती याच बुडालेल्या रानांत वाढली.

बास खातो कसा, हे समजल्याशिवाय जिग कळणार नाही. त्याचे दात कानशीसारखे बारीक असतात. लचका तोडणं हे त्याचं काम नव्हे. भक्ष्याजवळ जाऊन तो तोंड आणि कल्ले एकदम फाकवतो. त्या पोकळीत पाणी शिरतं आणि पाण्याबरोबर भक्ष्यही. मग पाणी कल्ल्यांतून बाहेर. नको असलेली वस्तू तो तितक्याच चपळाईने थुंकून टाकतो. काठी धरून बसलेल्या माणसाला यातलं काहीच ‘ओढल्यासारखं’ जाणवत नाही. कधी दोराला हलकीशी टिचकी बसते. कधी जिगचं वजनच नाहीसं होतं. कधी दोर आपला आपण बाजूला सरकू लागतो. ज्याला मासा म्हणजे हिसका एवढंच ठाऊक आहे, त्याच्या जिगला दिवसात पाच बास तोंड लावून जातात आणि तो संध्याकाळी ‘आज काही नव्हतं’ म्हणत घरी येतो.

आता जिग दिसतो कशासारखा? बहुतेक वेळा क्रॉफिशसारखा, म्हणजे गोड्या पाण्यातल्या बोटभर शेवंडीसारखा. जगातल्या क्रॉफिशच्या निम्म्याहून अधिक जाती उत्तर अमेरिकेत आहेत आणि बासच्या आहारात या प्राण्याचा वाटा मोठा आहे. क्रॉफिश तळावरून सावकाश पुढे चालतो. घाबरला की शेपटीचा फटका मारून मागे उसळतो, पुन्हा तळावर येतो आणि नांग्या वर उगारून उभा राहतो. जिग तळावरून उचलला, दोन-चार इंच उसळवला आणि पडू दिला की जवळपास हाच खेळ होतो. पडल्यावर झुपक्याचे तंतू फुलतात, मागचं शेपूट वर राहतं. हुबेहूब नक्कल नसली तरी अंगलट तीच, आणि गढूळ पाण्यात क्षणभरात निर्णय घेणाऱ्या माशाला तेवढं पुरतं. म्हणूनच तपकिरी, काळा-निळा आणि काळपट हिरवा, ज्याला अमेरिकेत ‘ग्रीन पंपकिन’ म्हणतात, या तीन रंगांवर माणसाचं सगळं आयुष्य निघू शकतं. पाणी स्वच्छ असेल तर तपकिरी किंवा हिरवा, गढूळ असेल तर काळा-निळा. रंगांवर यापेक्षा जास्त पानं मी खर्च केलेली नाहीत. दुकानदार नाराज होतील, पण रंगांच्या पन्नास छटा माशापेक्षा गिऱ्हाइकाला पकडण्यासाठी जास्त असतात.

जिगच्या घडणीकडे मात्र बारकाईने पाहायला हवं. डोक्याचा आकार हा शोभेचा भाग नाही. रुंद, किंचित चपटं ‘अर्की’ डोकं तळावर पडलं की बऱ्यापैकी उभं राहतं आणि लाकडातून सहसा सुटून येतं. सर्वसाधारण कामाला हेच. अमेरिकन फुटबॉलसारखं आडवं डोकं खडकाळ तळासाठी. ते दोन दगडांच्या फटीत शिरत नाही, दगडावर चढून पलीकडे कलंडतं. निमुळतं, टोकदार डोकं गवतासाठी; त्यात दोर बांधायची कडी अगदी नाकावर असते, म्हणजे गवताचा धागा तिच्यामागे अडकत नाही. पोहवायच्या जिगचं डोकंही असंच, बंदुकीच्या गोळीसारखं. फुटबॉल जिग गवतात टाकणारा माणूस दर फेकीला पालेभाजीची जुडी घेऊन परत येतो. आकाराचं महत्त्व कळायला तेवढं बास आहे.

गळासमोर ताठ तंतूंची एक पिसोळी असते. ती गळाचं टोक झाकते आणि ओंडक्यावरून जाताना त्याला रुतू देत नाही. कारखान्यातून ती बहुधा गरजेपेक्षा दाट येते. मी नवा जिग आधी अंगठ्याने दाबून पाहतो. पिसोळी फारच ताठ वाटली तर काही तंतू मुळाशी कापून विरळ करतो आणि उरलेले थोडे पंख्यासारखे पसरवतो. उघड्या, स्वच्छ तळावर ती कमी चालते. झाडांत मात्र जपून कापावी. झुपका पूर्वी रबराचा असे, आता बहुतेक सिलिकॉनचा असतो. तो लांब आणि दाट ठेवला तर पाण्याला अडवतो आणि जिग सावकाश उतरतो. गळाच्या वळणाइतका छाटला तर झपकन उतरतो. दुकानातून आणलेला झुपका कात्री न लावता वापरू नये, हे या पुस्तकातलं सगळ्यांत स्वस्त आणि सगळ्यांत कमी पाळलं जाणारं कलम.

मागच्या शेपटाची कहाणी मजेची आहे. कित्येक दशकं जिगच्या गळावर डुकराच्या कातडीचा तुकडा लावत. विस्कॉन्सिनमधल्या ‘अंकल जॉश’ या कंपनीच्या काचेच्या बरण्यांत मिठाच्या पाण्यात बुडवलेले असे तुकडे मिळत आणि त्या जोडीला ‘जिग अँड पिग’ म्हणत. थंड पाण्यातही तो तुकडा मऊ राहून हलायचा. दुपारच्या उन्हात गळावर विसरला तर मात्र दगडासारखा वाळायचा आणि सुरीने कापून काढावा लागायचा. मऊ प्लॅस्टिक आलं, ते वाळेना, फाटलं तर दुसरं लावता येई, रंगही हवे तेवढे. २०१५ च्या सुमारास कंपनीने कातडीचे तुकडे बनवणं थांबवलं. जुन्या लोकांनी शेवटच्या बरण्या जमवून ठेवल्या आहेत आणि त्यांची टिंगल करायचं मला कारण दिसत नाही. आजच्या शेपटांत ढोबळ दोन प्रकार. एक जाडसर, गप्प बसणारं. दुसरं नांग्या फडफडवणारं. फडफडणारं शेपूट पाण्याला थोपवतं आणि जिगला तरंगत खाली आणतं. गप्प शेपूट त्याला सरळ सोडतं. पाणी थंड असेल तेव्हा गप्प, कोमट असेल तेव्हा फडफडणारं, हा नियम बहुतेक ठिकाणी लागू पडतो. पण मी शेपूट निवडतो ते आधी पडण्याच्या वेगासाठी, मग दिसण्यासाठी.

आणि वजन. जिगची वजनं औंसात सांगतात. एक औंस म्हणजे सुमारे २८ ग्रॅम. पाव औंस म्हणजे ७ ग्रॅम, तीन-अष्टमांश म्हणजे १० ग्रॅमच्या जरा वर, अर्धा म्हणजे १४, पाऊण म्हणजे २१. नवखा माणूस वजन निवडतो ते किती लांब फेकता येईल या हिशेबाने. अनुभवी माणूस निवडतो ते किती वेळात तळाला पोचेल या हिशेबाने. उथळ पाण्यात ओंडक्याशेजारी सुस्त बास बसलेला असेल तर हलका जिग त्याच्या तोंडासमोरून रेंगाळत जातो, त्याला विचार करायला वेळ मिळतो. तोच बास उन्हाळ्यात दाट गवताच्या छपराखाली असेल, तर छप्पर फोडून आत जायला जड जिग लागतो. तिथे तो माशाच्या डोक्याशेजारून इतक्या जोरात जातो की विचार करायच्या आत तोंड उघडलेलं असतं. म्हणजे सावकाश पडणं आणि वेगात पडणं ही दोन्ही आमिषंच आहेत, फक्त माशाच्या दोन निरनिराळ्या सवयींसाठी. खोल पाण्यात, वाऱ्यात, प्रवाहात वजन वाढवावं लागतं, कारण तळ कळला नाही तर पुढचं काहीच कळत नाही. तळ कळणं म्हणजे काय, हे ज्यांनी विहिरीत पोहरा सोडलाय त्यांना सांगायला नको. दोर हातातून सरसर जातो आणि एका क्षणी सैल होतो. जिगचंही तसंच. फरक एवढाच की पोहरा मधेच सैल झाला तर तो कपारीला अडकलेला असतो. जिग मधेच सैल झाला तर बहुधा बासच्या तोंडात असतो.

म्हणूनच जिग पडताना आकडे मोजायचे. एका जागी पहिल्या फेकीला तळ लागायला आठ आकडे लागले, पुढच्या फेकीला पाचव्यालाच दोर थांबला, तर काठी उचला. तिथे टेकाड उगवलेलं नाही. मोजण्याची ही सवय कुठल्याही महाग उपकरणापेक्षा जास्त मासे देते.

पडण्याच्या वाटेचाही एक पेच आहे आणि तो पुस्तकात एका अख्ख्या प्रकरणात सोडवला आहे. जिग पाण्यात पडल्यावर दोर ताणून धरला तर तो सरळ खाली न जाता लंबकासारखा झोका घेत आपल्याकडे येतो आणि खांबापासून, ओंडक्यापासून दूर जातो. दोर अगदी सैल सोडला तर जिग नीट उभा उतरतो, पण टिचकी हाताला पोचत नाही. उपाय या दोहोंच्या मधला. काठीचं टोक जिगच्या मागोमाग खाली न्यायचं, दोराला किंचित झोळ ठेवायचा, पण इतका नाही की तो पाण्यावर वेटोळी घालेल. आणि नजर दोर पाण्यात शिरतो त्या बिंदूवर. हे हाताला बसायला वेळ लागतो. एकदा बसलं की डोळे आणि बोटं मिळून काम करू लागतात.

दोराची जातही इथेच येते. नायलॉनचा तंगूस पाण्यापेक्षा थोडाच जड. तो हळूहळू बुडतो आणि ताणला की लांबतो. फ्लुओरोकार्बन त्याहून बराच जड, तो जिगबरोबर खाली जातो. विणलेला दोर पाण्यापेक्षा हलका, म्हणून वर तरंगतो, पण तो लांबत नाही आणि बारीक असूनही प्रचंड मजबूत असतो. उघड्या पाण्यात, खडकांवर १५ ते २० पौंडी फ्लुओरोकार्बन. गवताच्या गचपणात ५० ते ६५ पौंडी विणलेला. तिथे मासा आधी बाहेर ओढायचा असतो, कौतुक नंतर. काठी सात ते साडेसात फुटांची, बुंध्याला दणकट आणि फक्त टोकाला लवणारी. रीळ आडव्या फिरकीचं, जरा वेगात गुंडाळणारं, कारण मासा जिग घेऊन आपल्याकडेच पळाला तर सैल दोर झटकन गोळा करावा लागतो. झाडांत आणि गवतात आधी सैल दोर आवरायचा, मग झटका द्यायचा, तोही मनापासून. जाड गळ आणि पिसोळी यांना पार करून टोक जबड्यात जायचं असतं. लांब फेकलेल्या फुटबॉल जिगला झटक्यापेक्षा काठीने बाजूला ओढलेला लांब फटकारा बरा. साहित्यावर एवढं पुरे. या विषयावर लोक जेवढं बोलतात तेवढं बोलण्यासारखं त्यात नाही.

तंत्रांच्या इतिहासात एक नाव टाळता येत नाही: कॅलिफोर्नियाचा डी थॉमस. तिकडच्या लव्हाळ्यांनी भरलेल्या पाण्यात लोक बारा फूट आणि त्याहूनही लांब काठ्यांनी जिग लव्हाळ्याच्या भोकांत अलगद उतरवून वर काढत. स्पर्धांमध्ये इतक्या लांब काठीबद्दल तक्रारी झाल्या. थॉमसने काठी साडेसात फुटांवर आणली आणि उरलेली लांबी हाताने भरून काढली. रीळ आणि काठीची पहिली कडी यांच्यामधला दोर डाव्या हाताने बाजूला ओढून धरायचा, जिगला झोका द्यायचा आणि डावा हात पुढे नेत तो पाण्याला लागून सोडायचा. जिग हवेत उंच जातच नाही, म्हणून पाण्यावर आपटतही नाही. आवाजाशिवाय आत शिरतो. याला फ्लिपिंग म्हणतात. १९७५ मध्ये व्हाइट नदीवरच्या बुल शोल्स जलाशयात झालेली, बी.ए.एस.एस. या बास-मासेमारीच्या संघटनेची स्पर्धा थॉमसने याच तंत्राने जिंकली आणि स्पर्धकांच्या बोटींवर साडेसात फुटी काठ्या दिसू लागल्या. पुढे त्यातूनच पिचिंग आलं. जिग डाव्या तळहातात धरून, रीळ मोकळं सोडून, पाण्यालगत सपाट फेकणं. बोटीपासून जरा दूरच्या खांबासाठी पिचिंग, अगदी जवळच्या झुडपासाठी फ्लिपिंग. दोन्हींत मासा फार करून पहिल्या पडण्यातच येतो. जिग उसळवत बसण्यापेक्षा तो वर घेऊन पुढच्या भोकात टाकणं फायद्याचं, असं हे तंत्र शिकवतं. चिवट माणसांना हे पटवणं अवघड जातं.

खोल पाण्यातली गोष्ट निराळी. वीस-पंचवीस फूट खाली फुटबॉल जिग उसळवायचा नाही, घासत ओढायचा. काठी बाजूला नेत जिगला एक हात सरकवायचं, थांबायचं, दोर गुंडाळायचा. यातून मासा मिळतो हे झालंच, पण त्याआधी नकाशा मिळतो. वाळूवर जिग गुळगुळीत येतो, खडीवर खरखरतो, चिखलात जडावतो, ओंडक्यावर चढून खाली पडतो. खडी संपून मोठे दगड सुरू होतात ती रेघ हाताला सापडली की बास बहुधा तिच्यावरच असतात. आता बोटींवर समोरचा मासा पडद्यावर दाखवणारी सोनार यंत्रं आली आहेत आणि स्पर्धांमध्ये त्यांच्या वापरावरून मोठा वाद चालू आहे. माझं मत एवढंच की तळ कशाचा आहे हे हाताला जसं कळतं, तसं पडद्यावरून कळत नाही.

पोहवायच्या जिगबद्दल आणि केसांच्या जिगबद्दल पुस्तकात दोन छोटी प्रकरणं आहेत. पहिला गवताच्या माथ्यावरून सरळ ओढायचा असतो, म्हणजे माझ्या वरच्या सिद्धान्ताला तो सरळसरळ अपवाद आहे. गवतात भोक दिसलं की त्यालाही क्षणभर पडू देतात, एवढाच माझा बचाव. दुसरा हरणाच्या शेपटीच्या केसांचा किंवा पिसांचा. थंड, स्वच्छ पाण्यातल्या स्मॉलमाउथसाठी अजोड. त्यात झटके नाहीत, शेपूट नाही, जवळजवळ काहीच नाही. केस पाण्यात आपले आपण श्वास घेतल्यासारखे हलत राहतात.

विक्रमांबद्दल वाचक विचारतीलच. जागतिक विक्रमाचा लार्जमाउथ २ जून १९३२ रोजी जॉर्जिया राज्यातल्या मॉन्टगोमेरी तळ्यात जॉर्ज पेरीने पकडला. २२ पौंड ४ औंस, म्हणजे १० किलोंहून किंचित जास्त. मंदीचे दिवस होते, पेरीच्या घरच्यांनी तो मासा खाल्ला. २ जुलै २००९ रोजी मानाबू कुरिता याने जपानच्या बिवा सरोवरात त्याहून जेमतेम एका औंसाने भारी बास काढला. विक्रम मोडायला दोन औंसांचा फरक लागतो, म्हणून दोघं बरोबरीत. पेरीच्या दोराला लाकडी मासा होता, कुरिताच्या गळाला जिवंत ब्लूगिल मासा. जिगचा त्यात काही वाटा नाही, हे जिगच्या पुस्तकाने प्रामाणिकपणे सांगावं.

पण बिवामध्ये बास आला कुठून, हे विचारायला हवं. माणसांनी आणला. तिथल्या मूळ माशांवर तो तुटून पडला आणि आता त्या प्रांतात पकडलेला बास पुन्हा पाण्यात सोडायला बंदी आहे. ग्वातेमालाच्या अतितलान सरोवरात तो खेळ म्हणून सोडला गेला. तिथल्या एका न उडणाऱ्या पाणबुड्या पक्ष्याच्या नाशात त्याचा हात होता. उजनी धरणात चिलापीने आणि मांगूरने, या बाहेरून आणलेल्या माशांनी, काय केलं हे ज्यांनी पाहिलंय त्यांना जास्त सांगायला नको. हौसेखातर बासचं बीज महाराष्ट्रात आणण्याची कल्पना कोणाच्या डोक्यात असेल तर त्याने हे पुस्तक खाली ठेवावं. कोकणच्या आणि गोव्याच्या खाड्यांत जिताडा आणि तांबोशी आहेत, शिशाच्या डोक्याला मऊ प्लॅस्टिक लावून लोक ते पकडतातही, आणि पडण्याबद्दल इथे जे लिहिलंय त्यातलं पुष्कळसं तिथे चालतं.

शिशाचंही बोलायला हवं. लून हा उत्तरेकडचा पाणपक्षी तळातले खडे गिळतो, दोर तुटून गळासकट पळालेले मासे खातो, आणि त्याबरोबर शिशाचा जिग पोटात गेला की विषबाधेने मरतो. न्यू हॅम्पशायरमध्ये एक औंस किंवा त्याहून हलके शिशाचे जिग विकायला आणि गोड्या पाण्यात वापरायला बंदी आहे. टंगस्टन हा पर्याय महाग आहे, पण शिशाहून बराच घन. एका घन सेंटिमीटरला शिसं ११.३ ग्रॅम, टंगस्टन १९.३. म्हणजे त्याच वजनाचं डोकं लहान होतं, वेगात पडतं आणि कठीण असल्याने तळ जास्त स्पष्ट सांगतं. इथे पक्ष्याचं हित आणि माशाच्या शिकाऱ्याचं हित एकच आहे. म्हणून जमेल तितके शिशाचे जिग बदलून टाका, असं मी कायदा नसलेल्या राज्यांतल्या वाचकांनाही सांगेन.

न्यू जर्सी, टेक्सास, जॉर्जिया, कॅलिफोर्निया अशा ठिकाणी राहणाऱ्या मराठी वाचकांसाठी हे पुस्तक मुख्यतः आहे. घरामागच्या तळ्यात बास असतो, शनिवार मोकळा असतो आणि पाण्याची ओढ कोकणातून किंवा कृष्णाकाठावरून बरोबर आलेली असते. त्यांच्याकडून एक प्रश्न हमखास येतो: पकडून सोडायचाच, तर पकडायचा कशाला? रे स्कॉट या बी.ए.एस.एस.च्या संस्थापकाने १९७२ पासून स्पर्धांमध्ये मासे जिवंत सोडण्याची प्रथा रुजवली, ती पुढे इतकी पसरली की आता बास खाणाऱ्याकडे लोक वाकड्या नजरेने पाहतात. मला दोन्ही टोकं पटत नाहीत. नियमात बसत असेल तर लहान बासचं कालवण करायला हरकत नाही, चवीला तो चांगलाच लागतो. मोठे मासे मात्र सोडावेत. त्यांच्या मांसात पारा साठलेला असतो, आणि पाच-सहा किलोंची मादी तयार व्हायला बरीच वर्षं लागतात. वसंतात उथळ पाण्यात घरट्यावर बसलेला नर दिसला तर त्याच्यावर जिग टाकू नये. तो उचलला की काही मिनिटांत ब्लूगिल अंडी साफ करतात.

बाहेर पडण्याआधी आपल्या राज्याचा परवाना काढा आणि त्या तळ्याचे नियम वाचा. दर राज्यात, कधी दर तळ्यात, ते वेगळे असतात. मासा हातात घेताना हात ओले करा, मोठा असेल तर नुसत्या जबड्याला न लटकवता पोटाखाली दुसरा हात द्या. आणि पहिल्या हंगामात एकच जिग बाळगा: तीन-अष्टमांश औंस, अर्की डोकं, तपकिरी झुपका. तो कसा पडतो हे अंधारातही सांगता येईल, तेव्हा दुसरा विकत घ्या.